जुनी जपानी मोटारसायकल: मूळ अवस्थेतली की नव्यासारखी केलेली? किंमत नेमकी कशाची?

रोहन७१

नमस्कार मंडळी.

दोन गाड्यांमध्ये अडकलोय, म्हणून हा धागा. दोन्ही होंडा सीबी७५०, दोन्ही सुरुवातीच्या काळातल्या.

पहिली पूर्ण नव्याने केलेली. नवा रंग, नवं क्रोम, नवीन बनावटीचे चार सायलेन्सर. बटण दाबलं की लगेच सुरू होते आणि उभी असली की नजर हटत नाही.

दुसरी अनेक वर्षं एका बंद शेडमध्ये पडून आहे. निळसर हिरवा रंग उडालाय, सायलेन्सरना खालून गंज आहे, इंजिन सुरू होत नाही. आणि तरी तिचा मालक पहिलीपेक्षा जास्त मागतोय! त्याचं म्हणणं, ही 'सँडकास्ट' आहे आणि एकाही सुट्या भागाला हात लागलेला नाही. त्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं की तिचा इंजिन क्रमांक आणि फ्रेम क्रमांक जुळत नाही, म्हणजे इंजिन बदललेलं आहे, नाद सोड.

लहानपणी ही गाडी एकदाच जवळून पाहिली होती. चार नळकांड्यांतून येणारा तो आवाज अजून कानात आहे, त्यामुळे निर्णय भावनेच्या भरात होईल अशी भीती वाटते. जुन्या जपानी गाडीची किंमत जाणकार कशी ठरवतात? बंद पडलेली गाडी चालू गाडीपेक्षा महाग असू शकते का?

---

तेलकट

रोहन, सगळ्यात आधी त्या क्रमांकांचं. 'क्रमांक जुळले पाहिजेत' हा नियम अमेरिकी मोटारींच्या संग्राहकांकडून इकडे आला आणि लोक तो डोळे मिटून लावतात. होंडाने या गाड्यांचे इंजिन आणि फ्रेम क्रमांक कधी सारखे ठेवलेच नाहीत. दोन्हींची मोजणी वेगवेगळी चालायची आणि जुळणीच्या वेळी जे इंजिन हाताशी असेल ते बसायचं. त्यामुळे दोन आकडे जवळपासचे असतात, पण एकच नसतात. उलट होंडात दोन्ही तंतोतंत सारखे दिसले तर मी भिंग काढून बघेन, की कोणी नवीन ठोकलेत का.

यामाहाचं वेगळं. आरडी३५० घेतलीत तर इंजिन आणि फ्रेमवर एकच क्रमांक हवा. म्हणजे नियम कंपनीगणिक बदलतो.

तुमच्या गाडीत फरक किती आहे? शेकड्यात असेल तर निश्चिंत राहा. पाच-दहा हजारांचा असेल तर इंजिन दुसरीकडून आलंय.

आता 'सँडकास्ट'. सीबी७५० ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात दिसली आणि १९६९ मध्ये विक्रीला आली. किती खपेल याचा होंडालाच अंदाज नव्हता, म्हणून महागडे डाय, म्हणजे मोठ्या उत्पादनाचे साचे, बनवण्याआधी पहिल्या गाड्यांचे क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, साध्या पद्धतीने ओतले. पृष्ठभाग खरखरीत यायचा, त्यावरून लोकांनी वाळूत ओतलेलं असं धरून सँडकास्ट नाव पाडलं. खरं तर तो साचाही धातूचाच होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. अशा गाड्या सुमारे ७,४१४. फ्रेम क्रमांक १००७४१४ च्या पुढे असेल तर मालक काहीही म्हणो, ती सँडकास्ट नाही. आधी क्रमांक बघून या, मग बोलू.

---

किकस्टार्ट

+१. आणि क्रमांकाचा फोटो तिरप्या उजेडात काढा. समोरून फ्लॅश मारला तर घासलेलं दिसत नाही.

---

गॅरेजातला

तेलकटरावांनी कागदावरची बाजू सांगितली, मी हातावरची सांगतो. गाडी बघायला गेलो की मी आधी रंग बघत नाही. स्क्रूची डोकी बघतो.

जपानी गाड्यांच्या इंजिनावरचे फुलीचे स्क्रू वेगळ्या मापाचे असतात, जपानी मानक म्हणजे जेआयएस. बहुतेकांवर एक बारीक ठिपका असतो. नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात नीट बसत नाही, जोर दिला की वर सरकून बाहेर येतो आणि डोकं सोलतो. लोक म्हणतात जपानी स्क्रू लोण्यासारखे मऊ. स्क्रूचा दोष थोडाच, चुकीचा पेचकस घेणाऱ्याचा सगळा. ज्या इंजिनाच्या झाकणांवर सगळी डोकी कोरी आहेत ते एकतर कधी उघडलं नाही, किंवा जाणत्या माणसाने उघडलंय. दोन्ही उत्तरं चांगलीच. सोललेली डोकी, छिन्नीच्या खुणा, मध्येच एखादा षटकोनी बोल्ट असं दिसलं की आतही तेच झालं असणार असं धरून चालायचं.

सीबी७५० मध्ये दुसरी जागा डाव्या बाजूचं स्प्रॉकेटचं, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचं झाकण. ते काढायला सांगाच. सुरुवातीच्या गाड्यांची चेन इंजिनाच्या ताकदीला पुरायची नाही. ६७ अश्वशक्ती तेव्हा कोणत्या चेनने बघितली होती? तुटली की गोळा होऊन स्प्रॉकेटमागे क्रँककेसला भोक पाडायची. कित्येकांचे क्रँककेस बदलले गेले, कित्येकांना वेल्डिंग झालं. बाहेरून काही कळत नाही. चकचकीत गाडीतही हे बघा, तिथे तर जास्तच बघा, कारण रंगाखाली वेल्डिंग छान लपतं.

नव्या रंगाच्या गाडीला मी घाबरतो ते यासाठीच. गंज निदान दिसतो तरी.

---

अपर्णा_के

माझा अनुभव लिहिते, कोणाचं तरी नुकसान टळेल.

आमच्याकडे बाबांची कावासाकी झेड१ए आहे, म्हणजे झेड१ चं १९७४ चं मॉडेल. ९०३ सीसी, झडपा उघडणारे कॅमशाफ्ट दोन. काही वर्षांपूर्वी एका कारागिराकडे फक्त कार्ब्युरेटर साफ करायला दिली. परत आली तेव्हा चार सायलेन्सरच्या जागी एकच लांब पाइप. "हलकी झाली बघा, आवाजही भारी," म्हणाला. जुने चार कुठे आहेत विचारलं तर भंगारात. गंजलेले होते, खरं आहे. पण ते कारखान्यातून गाडीसोबत आलेले होते. बाबा काहीच बोलले नाहीत. फक्त महिनाभर गाडीवरचं कव्हर काढलं नाही त्यांनी.

त्यानंतर मूळ सायलेन्सरचा संच शोधायला लागले तेव्हा कळलं की संपूर्ण गाडीत मिळायला सगळ्यात कठीण गोष्ट तीच. पातळ पत्रा, आतून पाणी साचून सडतो, आणि त्या काळात जवळजवळ प्रत्येकाने बदलून टाकले. रोहन, तुमच्या दुसऱ्या गाडीवरचे सायलेन्सर मूळ असतील तर गंजलेले असले तरी ते जपा. बदलायचे तर बदला, पण जुने तेल लावून, गुंडाळून माळ्यावर ठेवा.

---

तेलकट

अपर्णाताई, वाचून पोटात खड्डा पडला.

सायलेन्सरवरून एक खूण सांगतो. होंडाच्या सुट्या भागांच्या क्रमांकात मधले तीन आकडे मॉडेलचे असतात. ३०० म्हणजे सीबी७५०, ३२३ म्हणजे सीबी५०० फोर, ३७७ म्हणजे सीबी४०० फोर. सीबी७५० च्या सायलेन्सरवर 'एचएम३००' कोरलेलं सापडतं, नंतरच्या गाड्यांवर 'एचएम३४१'. अगदी पहिल्या गाड्यांच्या सायलेन्सरवर क्रमांकच नसायचा. हे तीन आकडे पाठ असले की जुन्या साठ्यातल्या धुळकट खोक्यावरूनही आतला भाग कुठल्या गाडीचा ते कळतं.

---

टूस्ट्रोक

सगळे होंडा-कावासाकीच्या चार सिलिंडरांत रमलेत, म्हणून थोडा धूर सोडतो. 🙂

रोहन, 'बंद शेडमध्ये अनेक वर्षं' हे वाक्य चार-स्ट्रोक गाडीच्या बाबतीत ठीक आहे. हेच कोणी दोन-स्ट्रोक गाडीबद्दल सांगितलं तर किमतीतून क्रँकचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचा, पूर्ण खर्च आधी वजा करा. दोन-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद असावी लागते, कारण मिश्रण तिथूनच वर ढकललं जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सील वर्षानुवर्षं कोरडी राहिली की कडक होतात. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं तेल आत खेचलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा पडदा. जनरेटरच्या बाजूचं गेलं तर हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. लक्षण सोपं आहे: थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग खाली यायला वेळ लावतो. विकणारा म्हणतो "बघा, कसलं तयार इंजिन!" तयार कसलं, आजारी आहे ते.

कावासाकीच्या तीन सिलिंडरवाल्या एच१ (१९६९, ५०० सीसी, ६० अश्वशक्ती) आणि एच२ (१९७२, ७५० सीसी, ७४ अश्वशक्ती) या गाड्यांत क्रँक दाबून बसवलेल्या तुकड्यांचा असतो. मधली सील बदलायची तर अख्खा क्रँक प्रेसवर उघडायचा आणि पुन्हा सरळ रेषेत आणायचा. हे नीट करणारे हात कमी होत चाललेत. म्हणून एच२ बघताना मी सरळ विचारतो, क्रँक कधी झाला, कोणी केला, फोटो आहेत का. फोटो नाहीत म्हणजे झालेला नाही.

---

निनाद

टूस्ट्रोक, मस्त लिहिलंत. सुझुकी जीटी७५० बद्दलही लिहा की. १९७१, तीन सिलिंडर, दोन-स्ट्रोक आणि वर पाण्याने थंड होणारी. अमेरिकेत तिला 'वॉटर बफेलो' म्हणायचे, इंग्लंडात 'केटल'.

---

किकस्टार्ट

म्हणजे एका देशात पाणम्हैस आणि दुसऱ्यात चहाची किटली. बिचारीने दोन्हीकडे पाण्याचंच नाव मिळवलं. :)

---

निनाद

हाहा! बरं, मूळ प्रश्नाकडे. किंमत दुर्मिळतेवर ठरते असं आपण धरून चालतो, पण ते अर्धंच खरं आहे.

सुझुकी आरई५ घ्या. १९७४ ते १९७६ एवढीच बनली. पिस्टनच नाही, व्हँकेल पद्धतीचं फिरतं इंजिन, मीटरचं ते गोल नळकांडं इटालियन डिझायनर जिओर्जेत्तो जुजारोने आखलेलं. संख्या फार थोडी. आणि सीबी७५० चं एक कॅमशाफ्टवालं रूप चार लाखांहून जास्त बनलं. निव्वळ संख्येचा हिशेब असता तर आरई५ समोर सीबी७५० ला कोणी विचारलं नसतं. पण सीबी७५० ने मोटारसायकल म्हणजे काय याची व्याख्या बदलली. बटणाने सुरू होणारी, पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, चार सिलिंडर, तेल न गळणारी, आणि अमेरिकेत किंमत १,४९५ डॉलर. मार्च १९७० मध्ये रेसर डिक मान तिच्या रेसिंग रूपावर अमेरिकेतली डेटोना २०० शर्यत जिंकला. त्या वर्षी जी मुलं सोळा-सतरा वर्षांची होती त्यांच्या मनात ही गाडी जाऊन बसली, आणि पन्नाशीला पोचल्यावर हातात पैसा आला तेव्हा त्यांनी ती शोधली. जुन्या गाडीची किंमत म्हणजे मोठ्या प्रमाणात एका पिढीचं राहून गेलेलं स्वप्न.

लिलावाचे आकडे बघताना मात्र सावध. सीबी७५० च्या उत्पादनापूर्वी हाताने केलेल्या चार गाड्यांपैकी एक २०१८ मध्ये इंग्लंडातल्या लिलावात १,६१,००० पौंडांना गेली. ती बातमी वाचून जगातल्या प्रत्येक सीबी७५० वाल्याला आपल्या शेडमध्ये खजिना आहे असं वाटायला लागलं. तुमचा विक्रेताही त्यातलाच वाटतो. तुलना करायची तर त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या, तशाच अवस्थेतल्या गाडीशी करायची, आणि मागितलेल्या आकड्याशी नाही, प्रत्यक्ष व्यवहार झालेल्या आकड्याशी.

---

जुना_खेळाडू

मला या सगळ्या 'मूळ, मूळ' च्या जपाचा कंटाळा आलाय, स्पष्ट लिहितो. राग मानू नका.

मोटारसायकल चालवायला बनवली आहे. माझी यामाहा एक्सएस६५० गेली कित्येक वर्षं माझ्या बुडाखाली आहे. ठिणगीची वेळ साधणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, पुढचे शॉक नवे, टायर नवे, वायरिंग सगळं नवं. ती ६५३ सीसीची दोन सिलिंडर गाडी आजही एका किकमध्ये जागी होते. संग्राहकाच्या मते मी तिची किंमत घालवली. माझ्या मते ज्या गाडीचं इंजिन वर्षात एकदाही तापत नाही तिची किंमत तिच्या मालकानेच घालवलेली असते. सील सुकतात, कार्बमध्ये पेट्रोलचा डिंक होतो, टाकी आतून गंजते, सिलिंडरमध्ये रिंगा चिकटतात. जपतोय म्हणत म्हणत मारतात लोक गाड्या.

रोहन, चालू गाडी घे. फिर. आयुष्य लहान आहे.

---

गॅरेजातला

काका, चालवायला पाहिजे हे शंभर टक्के मान्य. पण तुम्ही बदललेली एकेक वस्तू परत मूळ करता येते. पॉइंट डबीत ठेवलेत ना?

---

जुना_खेळाडू

ठेवलेत. जुने शॉकही ठेवलेत. अपर्णाची पोस्ट वाचून आत्ताच बघून आलो, सगळं जागेवर आहे.

---

अपर्णा_के

🙏 काका, हे वाचून खरंच बरं वाटलं.

---

स्मिता

मी इथे नवीन आहे. मला संग्रह वगैरे नाही करायचा, पण एक जुनी जपानी गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करत शिकायचंय. सीबी७५०, झेड१ माझ्या आवाक्याबाहेर. कुठून सुरुवात करावी?

---

तेलकट

स्मिता, स्वागत. एक सिलिंडरची गाडी घ्या आणि सुटे भाग अजून बनतात अशी घ्या. यामाहा एसआर५०० किंवा एसआर४००. १९७८ ला आल्या, आणि एसआर४०० तर २०२१ पर्यंत थोड्याफार फरकाने बनत होती. एक कार्ब, एक सिलिंडर, एअर कूल्ड. किक मारायची एक पद्धत आहे, ती आली की इंजिनाच्या आत काय चाललंय ते पायाला कळायला लागतं. इंजिन समजायचं तर माझ्या मते याहून चांगला गुरू नाही.

दोन सिलिंडर हव्या असतील तर होंडा सीबी३५० ट्विन. खूप बनल्या, त्यामुळे सुटे भाग मिळत राहतात.

चार कार्बवाली पहिली गाडी म्हणून नको. चारही कार्ब एका तालात आणणं ही स्वतंत्र विद्या आहे.

---

निनाद

जाता जाता जपानच्या बाजारातली एक गंमत. आपण झेड१, झेड१ करतो, पण जपानमध्ये झेड२ ची मोहिनी तेवढीच, किंवा जास्तच. तिथे उत्पादकांनी स्वतःहून मर्यादा घालून घेतली होती, देशांतर्गत विक्रीसाठी ७५० सीसीच्या वर नाही. त्यामुळे ९०३ सीसीची झेड१ बाहेर गेली आणि घरच्यांसाठी तेच रूप ७५० मध्ये झेड२ म्हणून आलं. कावासाकी खरं तर आधीपासून ७५० च्या चार सिलिंडरवर काम करत होती, पण १९६८ मध्ये होंडाने सीबी७५० दाखवली आणि यांनी आराखडा गुंडाळून मोठं इंजिन केलं. त्या प्रकल्पाचं आतलं नाव होतं 'न्यूयॉर्क स्टेक'.

पुढे १९७५ मध्ये परवान्याचे नियम बदलले, ४०० सीसीपर्यंतचा वेगळा वर्ग झाला, आणि तरुणांची सगळी मागणी ४०० वर आली. सीबी४०० फोर मूळ ४०८ सीसीची होती, जपानसाठी ३९८ करावी लागली. नंतरची १९८१ ची सीबीएक्स४००एफ बाहेरच्या जगाला फारशी माहीत नाही, पण जपानमध्ये तिच्यासाठी लोक मोठ्या गाड्यांइतके पैसे मोजतात. तिथेही एका पिढीचं स्वप्नच, फक्त तिचं माप ४०० सीसी.

---

टूस्ट्रोक

हे माहीत नव्हतं. म्हणजे त्या काळात अमेरिकेत गेलेल्या कितीतरी झेड१ जपानमध्ये परत का आल्या त्याचं कोडं सुटलं. ज्यांना ती घरात मिळाली नव्हती त्यांनीच परत आणल्या.

---

रोहन७१

मंडळी, परवा दुसरी गाडी पुन्हा बघून आलो. तुमच्या सगळ्या सूचना कागदावर लिहून नेल्या होत्या. क्रमाने सांगतो.

फ्रेम क्रमांक १०१४००० च्या घरात. म्हणजे तेलकटराव म्हणतात तसं, सँडकास्ट नाही. मालकाला दाखवलं तेव्हा तो गप्प झाला. त्याला कोणीतरी तसं सांगितलं होतं, फसवायचा हेतू वाटला नाही. इंजिन क्रमांक दीडशेच्या आसपास पुढे. आकडे तिरप्या उजेडात बघितले, घासल्याची खूण नाही.

सीटची मागची बाजू वर उचललेली आहे, बदकाच्या शेपटीसारखी. थ्रॉटलची एकच वायर पुढे जाऊन चार कार्बना फुटते.

स्प्रॉकेटचं झाकण काढलं. आत वंगणाचा जाड काळा थर होता. खरवडून चिंधीने पुसला. क्रँककेस अखंड, वेल्डिंग नाही.

सायलेन्सरवर 'एचएम३००'. खालून दोन जागी बोट जाईल एवढी भोकं.

प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, पाच-दहा मिनिटं थांबून किकने हळूच फिरवलं. फिरलं. कुठे अडकलं नाही.

---

तेलकट

वा! सीट आणि थ्रॉटलची वायर दोन्ही पहिल्या मॉडेलच्या, म्हणजे के१ हे पुढचं मॉडेल येण्याआधीच्या खुणा. सँडकास्टनंतरची, डायकास्ट केसची पण पहिलीच मालिका. कोणी न उघडलेली, अखंड केसची, मूळ सायलेन्सरची. आता हे ध्यानात घ्या की तुमच्या हातात एक खरी वस्तू आहे आणि तिला चुकीचं नाव लावलंय. योग्य नावाने योग्य भाव मागा. सँडकास्टचा भाव द्यायचा नाही आणि 'बंद गाडी' म्हणून मातीमोलही मागायचा नाही.

---

गॅरेजातला

आणि पहिल्या गाडीचं झाकण काढून बघितलं?

---

रोहन७१

विचारलं. मालक म्हणाला, "कशाला उघडायचं, सगळं नवं आहे." पुन्हा विचारलं तर म्हणाला रंग उडेल.

---

गॅरेजातला

मग तिचं उत्तर मिळालं तुम्हाला.

---

जुना_खेळाडू

हे मलाही पटलं. उघडू देत नाही तो माणूस काहीतरी झाकतोय. दुसरी घे. पण घेतल्यावर चालव, रे बाबा.

---

निनाद

एक बाजू सावरून घेतो. नव्याने केलेली प्रत्येक गाडी संशयास्पद असते असं कोणी समजू नये. ज्याने उघडण्यापूर्वी फोटो काढलेत, कुठला भाग बदलला ते लिहून ठेवलंय, जुने भाग खोक्यात ठेवलेत, त्याची गाडी मी आनंदाने घेईन. काही कंपन्याही मदत करतात. कावासाकीने झेड१ साठी सिलिंडर हेड नव्याने बनवलं, हे पाऊल फार मोठं आहे. अशा नव्या भागामुळे एखादी गाडी पुन्हा रस्त्यावर येत असेल तर त्यात कमीपणा कसला? लपवलं की कमीपणा.

---

अपर्णा_के

रोहन, रंगाचं काय करणार? तेवढं घाई करू नका. होंडाचे त्या वेळचे रंग 'कँडी' पद्धतीचे होते. खाली चमकदार थर, वर पारदर्शक रंगाचा थर. उन्हाने वरचा थर फिका पडतो. पुन्हा तसा मारायचा तर किती हात द्यायचे त्यावर छटा बदलते, एकाच गाडीची टाकी आणि बाजूची झाकणं वेगळी दिसायला लागतात. टाकीवरचं होंडाचं पंखाचं चिन्ह स्क्रूने बसवलेलं असतं. ते अलगद काढून बघा. त्याच्याखाली ऊन पोचलेलं नसतं, १९६९ चा खरा रंग तिथे असेल.

---

रोहन७१

गाडी काल घरी आली. 🙂 भाव मधल्या आकड्यावर तुटला, दोघंही हसत उठलो.

अपर्णाताई, चिन्ह काढलं. खाली तळहातापेक्षा लहान जागेत असा निळसर हिरवा आहे की मी बराच वेळ दिवा धरून बघतच बसलो. त्याच्या कडेला लागून पन्नास वर्षांचा उडालेला रंग. दोन्ही शेजारी शेजारी. टाकीला हात लावणार नाही, ठरलं. आतून फक्त गंज काढायचा. सायलेन्सर गुंडाळून माळ्यावर जातील आणि चालवायला नवीन बनावटीचे लावेन, काकांनाही दिलेला शब्द आहे.

आता कामाला सुरुवात. उजव्या बाजूच्या पॉइंटच्या झाकणाला दोन स्क्रू आहेत, दोन्ही घट्ट धरलेत. डोकी अगदी कोरी आहेत, बारीक ठिपकाही दिसतोय. घरातला पेचकस लावून बघितला, थोडा हलतोय खाचेत. जोर लावू का?

---

गॅरेजातला

नको! पेचकस खाली ठेवा. जेआयएसचा मिळेपर्यंत त्या स्क्रूंना हात लावू नका. तोवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकेक थेंब रोज सोडत राहा. पन्नास वर्षं कोणी सोललं नाही ते डोकं.

---

रोहन७१

ठेवला.